बाबांची माळ आणि जावयाचा रुसवा

आमच्या घरात दिवाळी वसुबारसेला सुरू होत नाही. बाबा माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा उतरवतात, त्या दिवशी सुरू होते. डब्यात बिस्किटं नसतात. बाबांनी स्वतःच्या हाताने केलेली दिव्यांची माळ असते.

बाबा म्हणजे माझे सासरे, महिपत. आयुष्य मोहन्याच्या कारखान्यात काढलं, संसार कल्याणच्या चाळीत केला आणि निवृत्त झाल्यावर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. घर लहान आहे, पण गॅलरी रस्त्यावर आहे. तिथे लावलेली माळ पार कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत दिसते, आणि घर पसंत पडायला बाबांना तेवढं कारण पुरलं. स्वयंपाकघरात दोन बायका एकाच वेळी उभ्या राहू शकत नाहीत, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

ही माळ त्यांनी चाळीत असताना केली. बारके बारके बल्ब एकापुढे एक जोडले आणि रंगासाठी आईंची नेलपॉलिश वापरली. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आयुष्यात एकदाच नेलपॉलिश विकत घेतली आणि ती बल्बांना लागली. हे त्या दर दिवाळीत सांगतात आणि बाबा दर दिवाळीत पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करतात. माळेच्या वायरीला एक लोंबतं पेरूच्या आकाराचं बटण आहे. ते दाबलं की माळ लागते. म्हणजे लागायला हवी. एक बल्ब गेला की बाकीचे सगळे संपावर जातात, आणि दर वर्षी एक तरी जातोच.

मग तो मेलेला बल्ब शोधायचा कार्यक्रम असतो. माळ हॉलभर पसरायची, टीव्ही बंद करायचा, बाबांनी बटणाचं टोक धरून बसायचं आणि दुसऱ्याने एकेक बल्ब चिमटीत धरून फिरवायचा. हे दुसरं माणूस म्हणजे प्रीती, माझी नणंद. "हा का?" "नाही." "हा?" "नाही." असं करत दोघं अख्खी दुपार घालवायची. मधे कॉलेज, मैत्रिणी, नोकरी, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं येऊन जायचं. बल्ब सापडला की दोघांचीही तोंडं जराशी उतरायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलेलं, ही माणसं वेडी आहेत. नंतर ते फक्त पक्कं झालं.

मे महिन्यात प्रीती लग्न होऊन ठाण्याला गेली आणि यंदा तिचं खातं माझ्याकडे आलं. मला ऑफिस असतं. मला चकल्या असतात. मी पंचवीस वेळा "हा का?" म्हणू शकत नाही. मी तांदूळ निवडल्यासारखे बल्ब भराभर निवडले आणि बाबा म्हणाले, "जरा सावकाश गं, रसिका." मी म्हटलं, "बाबा, एलईडीची माळ गेल्या वर्षीच आणलीय मी. कपाटात पडलीय. गरम होत नाही, वीज खात नाही, एक गेला तरी बाकीचे चालतात. ह्या माळेने मागच्या वर्षी कंदिलाचा कागद करपवला."

"करपला. जळला नाही," बाबा म्हणाले.

"जळायची वाट बघायची का?"

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे आदराने दिलेला नकार. बल्ब सापडला आणि जुनीच माळ गॅलरीत चढली. माझा नवरा संदेश हे सगळं सोफ्यावरून ऐकत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे." संदेशला घरात कोणाचंच चुकलेलं कधी दिसलेलं नाही. त्यामुळेच तो इतका शांत झोपतो.

पाडव्याला प्रीतीचा पहिला दिवाळसण होता. जावईबापू येणार म्हणून आईंनी पडदे धुतले, बाबांनी दाराला तेलपाणी केलं आणि मी काळ्या वाटाण्याचं वाटण आदल्या दिवशीच करून ठेवलं. जावईबापूंचं नाव देवेश. राहायला घोडबंदर रोडला, अशा टॉवरमध्ये जिथे वॉचमन आपल्याकडे आपणच चोरी करायला आलोय असं बघतो. काम काय, तर मोठमोठ्या कंपन्यांना वीज कशी वाचवायची ते सांगायचं. पृथ्वी वाचवायचं हे काम करणारा हा माणूस ठाण्याहून डोंबिवलीला सात माणसांच्या गाडीतून दोन माणसं घेऊन आला. गाडी खाली उभी करून, एसी चालू ठेवून, फोनवर बराच वेळ बोलत बसला. आई ओवाळणीचं तबक घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, गाडी बिघडली असेल.

वर आल्यावर पाट, उटणं, तेल, सगळं झालं. अंघोळीला त्याने भरपूर वेळ घेतला. पाण्याचं खातं बहुतेक दुसऱ्या माणसाकडे असावं. बाहेर आल्यावर मात्र त्याने आमचं घर तपासायला घेतलं. गिझर बंद केला. टीव्हीचा प्लग काढला, कारण बंद टीव्हीसुद्धा वीज पितो म्हणे. फ्रिजवरचे तारे मोजले आणि 'च्च' केलं. बाबा त्याच्या मागोमाग फिरत होते, जसे ते कारखान्यात साहेबांच्या मागे फिरत असतील. मला ते बघवलं नाही.

आणि प्रीती. तिला सोफ्यावर आईंच्या शेजारी बसवलेलं. ती बारीक झालेली, पण सगळ्याच मुली लग्नानंतर एक तर बारीक होतात नाहीतर जाड, त्यामुळे ते मी मनावर घेतलं नाही. विचित्र दुसरंच होतं. ती बोलता बोलता मधेच एक हात डोक्याच्या वर नेऊन हलवायची, आणि पुन्हा मांडीवर ठेवून तेच वाक्य पुढे बोलायची. थोड्या वेळाने पुन्हा. आईंना वाटलं, मच्छर. त्यांनी मच्छरांचं मशीन लावलं. जावईबापूंनी ते येता-जाता काढून ठेवलं, कारण दिवसा मच्छर नसतात. प्रीतीचा हात तरीही वर जातच होता.

वडे तळताना मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. दोघी मावत नाहीत, म्हणून ती दारात स्टुलावर बसली. मी विचारलं, "हात काय गं हलवत असतेस सारखा? मला आधी वाटलं, पंख्याला टाटा करतेस."

तिला आधी कळलंच नाही. मग ती हसली. "सवय झाली वहिनी. आमच्याकडे सगळीकडे सेन्सर आहेत ना. माणूस हलला की लाईट चालू, हलला नाही की बंद. देवेशने लग्नाआधीच बसवून घेतलेले. मी लॅपटॉपवर काम करत बसले की बंद होते. मग हात वर करायचा."

"मग बटण दाब ना."

"बटणंच काढलीत. भिंतीत नुसती झाकणं आहेत."

मी वडा कढईत सोडला आणि हसले. खरंच हसले. डोळ्यांपुढे आलं, ही साबण लावून बाथरूममध्ये उभी आहे आणि अंधारात हात हलवतेय. तिने तेच सांगितलं, अगदी तसंच, आणि आम्ही दोघीही हसलो. मग ती म्हणाली, "श्रावणात एकदा आईची आठवण आलेली. बसलेले एकटीच. तर लाईट गेली. रडताना पण मधेमधे हात वर करायला लागत होता वहिनी." हे सांगतानाही ती हसत होती, पण मला काही हसता येईना. कढईतला वडा तेवढ्यात करपला.

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलेलं. म्हणाला, उठून फिरत जा, तब्येतीला चांगलं. वाईट नाही गं तो. त्याच्या लक्षातच येत नाही. तो घरी येतो तेव्हा फिरतच असतो सारखा." तिने स्टूल जरा आत सरकवलं. "किचनमध्ये अजून बटण आहे. मी तिथे स्टूल टाकून बसते. काम पण तिथेच, वाचायचं पण तिथेच. तेवढं ठीक आहे. आईबाबांना नको सांगूस, उगाच टेन्शन घेतील."

मी सांगणार नव्हते. पण माझा राग कुठे जायचा तो वड्याच्या पिठात गेला. घोडबंदर रोडला एवढं मोठं घर, आणि आमची पोरगी त्यात एक लाईट जागेवर राहावी म्हणून ओट्याशेजारी स्टुलावर बसते.

दुपारी पानं मांडली. पहिल्या दिवाळसणाला जावयाने रुसायचं असतं. म्हणजे भरल्या ताटावर बसायचं आणि हात लावायचा नाही. मग सासऱ्याने विचारायचं, "काय हवं जावईबापू?" जावयाने लाजायचं, सासऱ्याने आधीच आणून ठेवलेली वस्तू पुढे करायची, जावयाने हसून घास घ्यायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सगळं ठरलेलं असतं. बाबांनी ठाण्याहून मनगटी घड्याळ आणून ठेवलेलं, आणि पाटाखाली खोका लपवून ते सकाळपासून त्यावर बसण्याची प्रॅक्टिस करत होते.

बाबांनी विचारलं, "काय हवं जावईबापू?"

देवेश म्हणाला, "बाबा, डोन्ट माइंड हं. मला वस्तू नको. वस्तूंनीच आज पृथ्वीची ही अवस्था झालीय. मला वेगळंच काहीतरी हवंय." आणि त्याने गॅलरीकडे बोट दाखवलं. "ती माळ काढा. तिच्या जागी मी आणलेली एलईडी लावू. बस, एवढाच माझा रुसवा."

आता मी खरं सांगते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ह्या वाक्यावर टाळी दिली असती. वर्षभर मी जे म्हणत होते तेच तो म्हणत होता. माळ गरम होते, वीज खाते, कागद करपवते, सगळं खरं. पण मी बाबांकडे बघितलं. ते पाटाखालचा खोका धरून बसलेले, आणि तो बाहेर काढावा की ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा एवढा राग येऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"देवेश, जेवल्यावर बघू ना," प्रीती म्हणाली.

"रुसवा म्हणजे रुसवा," जावईबापू गोड हसले. हात मांडीवर.

रुसव्याला नाही म्हणता येत नाही. बाबा उठले, स्टुलावर चढले आणि माळ उतरवायला लागले. संदेशने स्टूल धरलं, कारण स्टूल धरण्यात कोणाचंच चुकत नाही. बाबांनी माळ पुठ्ठ्यावर गुंडाळली, डब्यात ठेवली, झाकण लावलं, हात धुतले आणि पानावर येऊन बसले. तोवर वडे गार झालेले. देवेशने पहिला घास घेतला आणि टाळ्या वाजल्या. घड्याळही त्याने घेतलं. बाबांचं मन मोडायला नको म्हणून.

नवी माळ फोनवर चालायची. तिला बटण नव्हतं, ॲप होतं. आमच्या वायफायचा पासवर्ड मागून घेऊन देवेशने ती जोडली आणि तिचे सगळे प्रकार दाखवले. धबधबा, लाटा, पार्टी. प्लग मात्र काढायचा नाही, नाहीतर ती सगळं विसरते आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. एवढं सांगून तो पार्टीवर ठेवून आतल्या खोलीत जाऊन झोपला, फोन उशाशी घेऊन. आणि भर दुपारी, डोंबिवलीच्या लख्ख उन्हात, वीज वाचवणारी माळ आमच्या गॅलरीत निळीजांभळी नाचायला लागली. समोरच्या इमारतीतून फोन आला, सगळं ठीक आहे ना. जावयाला उठवायचं कसं, म्हणून कोणी उठवलं नाही. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसले.

प्रीती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्ताने गेले. मला ऐकायचं होतं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"वाईट वाटलं बाबा?"

"माळेचं कसलं वाईट," बाबा म्हणाले. "ती झालेलीच जुनी. रसिका बोलते ते मला कळत नाही असं थोडंच आहे. तू बसायचीस ना सोबत, म्हणून ठेवलेली. यंदा बसवून बघितलं रसिकाला. तिला घाई असते."

प्रीतीचा हात मांडीवरून उठला, डोक्याच्या वर गेला, हलला, खाली आला. बाबांनी ते बघितलं. "आता ऊन आहे, मच्छर कुठले?" ते म्हणाले. तिने तेव्हाही काही सांगितलं नाही. मी वाळत घातलेला टॉवेल दोनदा झटकला.

संध्याकाळी पाडव्याचं ओवाळणं. पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचं आणि नवऱ्याने तबकात काहीतरी घालायचं. आईंनी बाबांना ओवाळलं, बाबांनी पाकीट घातलं. मी संदेशला ओवाळलं. त्याने तबकात कानातले घातले, जे मीच निवडलेले, मीच आणलेले आणि सकाळी त्याच्या खिशात मीच ठेवलेले. तरी त्याने ते असे घातले की आईंना कौतुक वाटलं.

मग प्रीती. देवेश पाटावर बसला. नवं घड्याळ मनगटावर. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली आणि निरांजन ओवाळायला घेतलं. देवेशने मागून एक चपटा खोका काढला आणि तबकात ठेवला. "सरप्राईज," तो म्हणाला. "किचनसाठी. आता आपलं घर पूर्ण होणार."

खोक्यावर सेन्सरचं चित्र होतं. सगळ्यांना दिसलं, कळलं फक्त मला आणि तिला. घरातली शेवटची भिंत होती ती, बटणवाली.

प्रीतीचा हात थांबला. निरांजनाची ज्योत सरळ झाली. आईंना वाटलं ती विसरली, म्हणून त्या हळूच म्हणाल्या, "तीनदा, बाळ." ती तशीच उभी. मी मनात म्हणत होते, बोल. आत्ता नाही बोललीस तर उद्या तो भिंत फोडेल. बोल गं बाई.

"हे नको," ती म्हणाली.

"अगं, लेटेस्ट आहे. हाफ सेकंदात रिस्पॉन्स."

"हे नको मला देवेश. मला असा एक दिवा दे, जो मी बंद केल्याशिवाय बंद होणार नाही. बाकी घराचं तुझं तुझं राहू दे. मी बसते तिथे एक दिवा."

एवढंच मागितलं तिने. मी असते तर अख्खं घर परत मागितलं असतं, आणि वर गाडीचा एसी. देवेश हसला, तिने विनोद केल्यासारखा. आमच्याकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं.

"त्यावर घरी बोलू ना आपण," तो म्हणाला.

"घरी बोलताना पण मधेच लाईट जाते," प्रीती म्हणाली. आवाज चढवला नाही. आणि मग सगळं सांगितलं, जे मला वडे तळताना सांगितलेलं. हात, बाथरूम, श्रावण. आईंची आठवण आलेली तेही. सांगताना तबक हातातच होतं. आई खाली बसल्या. बाबा तिच्या त्या हाताकडे बघत राहिले.

"टाइम वाढवता येतो ॲपमध्ये," देवेश म्हणाला. पण ते त्याने स्वतःशी म्हटल्यासारखं म्हटलं. "मला वाटलं, तुला सवय झालीय."

"झालीय ना," मी म्हटलं. "सकाळपासून बघतोय आम्ही सवय." मला बोलायचं नव्हतं, पण माझं तोंड कधीच मला विचारत नाही. आईंनी माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं आणि मग, बहुतेक पहिल्यांदाच, परत घेतले.

बाबा म्हणाले, "जावईबापू, दुपारी तुम्ही काय मागितलंत?"

"बाबा, ते वेगळं होतं. ते..."

"मी 'का' विचारलं?"

देवेश मनगटावरचं घड्याळ चाचपायला लागला.

"भरल्या ताटावरून उठलो मी. दिलं. आता तिचं मागणं आहे. पाडवा आहे, तबक तिच्या हातात आहे. द्या." बाबांचा आवाज इतका साधा होता की मला भीती वाटली. ह्या माणसाने मला सहा वर्षांत एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही, नुसतं 'बघू' म्हटलंय. आज 'द्या' म्हणाले.

देवेशने खोका तबकातून उचलला. मग खिसे चाचपले. खिशात फोन, आणि फोनच्या पाठीला चिकटवलेलं कार्ड. तबक रिकामं ठेवता येत नाही. त्याचा चेहरा त्या वेळी असा झालेला की मला एक क्षणभर, अगदी एकच क्षण, त्याची दया आली.

बाबा आत गेले आणि बिस्किटांचा डबा घेऊन आले. जमिनीवर बसून त्यांनी माळ बाहेर काढली, हातात पकड घेतली आणि पेरूच्या बटणापुढे वायर कापली. 'कट' असा आवाज झाला. संदेश 'बाबा' म्हणाला. आई म्हणाल्या, "बल्ब तरी ठेवा हो. माझी नेलपॉलिश आहे त्यांवर." बाबांनी बल्ब आईंच्या ओंजळीत दिले. प्लग, वायर आणि बटण स्वतःकडे ठेवलं. टेबलाच्या खणातून एक होल्डर काढला, वायरीची टोकं सोलली.

"रसिका, तुझ्याकडे तो एलईडीचा बल्ब होता ना, जास्तीचा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाबांनी माझ्याकडे एलईडी मागितली. मी धावतच गेले.

"किती वॉट?" देवेशने विचारलं. विचारून गेल्यावर त्याला बहुतेक स्वतःचीच लाज वाटली, कारण तो पाटावरून उठून बाबांसमोर खाली बसला आणि म्हणाला, "वायर मी धरतो."

"धरा," बाबा म्हणाले. "वळवू नका नुसती. पिळून घ्या."

दिवा तयार झाला. काही देखणा वगैरे नव्हता. पांढरा होल्डर, चाळीच्या काळातली तपकिरी वायर आणि लोंबतं बटण. देवेश पुन्हा पाटावर जाऊन बसला आणि त्याने तो दिवा दोन्ही हातांनी तबकात ठेवला. निरांजनाच्या शेजारी तो फारच विचित्र दिसत होता. प्रीतीने ओवाळणं पूर्ण केलं. तीनदा. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

जाताना देवेशने आपली ॲपवाली माळ काढून खोक्यात भरली. मी काही सुचवलं नव्हतं. बाबांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "ती कपाटातली काढ तुझी." मी काढली. साधी पिवळसर एलईडी, एका बटणावर चालणारी. बाबांनी स्वतः स्टुलावर चढून ती लावली, दोन पावलं मागे येऊन बघितली आणि म्हणाले, "बरी आहे. मऊ आहे उजेड." मग बटण दोनदा दाबून बघितलं. वर्षभर भांडून जे झालं नाही ते असं झालं, आणि मला जिंकल्यासारखं काही वाटेना. नुसतं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला आम्ही सगळेच ठाण्याला गेलो. खरं तर एकट्या संदेशने जायचं होतं, पण आईंना बघायचं होतं म्हणाल्या, आणि बाबांना तर विचारायचंच कशाला. वॉचमनने आमच्याकडे नेहमीसारखं बघितलं. दिवा हॉलमध्ये खिडकीशेजारी लावलेला, प्रीतीच्या खुर्चीजवळ. खुर्ची त्या जागेला नवीन होती. म्हणजे घरातलीच जुनी, पण किचनमधलं स्टूल हलवून तिच्या जागी ठेवलेलं आणि ती इथे आणलेली.

ओवाळणं झालं, फराळ झाला. अंधार पडायला लागला. बाबा म्हणाले, "बघू या जरा," आणि कोणी काही न ठरवता आम्ही सगळे गप्प बसलो. कोणी हललं नाही. संदेशने चकलीचा तुकडा तोंडातच धरून ठेवला. थोड्या वेळाने छतावरचा दिवा आपला आपण बंद झाला, मग पॅसेजमधला, मग आतला. फक्त तपकिरी वायरीचा तो दिवा राहिला. त्याच्या उजेडात प्रीती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली.

आणि तेवढ्यात जावईबापूंचा हात हळूच वर जायला लागला.

"राहू दे," प्रीती म्हणाली. "हा नाही जात."